एकेकट्याने ओलांडायचा उतार

मनोज लांजेवार गेल्याची बातमी मला कोणी कळवली नाही. ती मीच घेऊन गेलो. डोंगरातून कॅलगरीला परत येईपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि त्याच्या घरासमोर पोलिसांची गाडी आणि माझी गाडी जवळजवळ एकदमच थांबली. इथे घरच्यांना सांगायला पोलीस जातात. मला बरोबर येऊ द्या, एवढीच विनंती मी केली होती. आलेली अधिकारी एक तरुण पंजाबी मुलगी होती. वैशाली वहिनींनी दार उघडलं, आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरून मागे. मागून आणखी कोणी येतंय का ते बघत होत्या. त्या मुलीने इंग्रजीतलं ठरलेलं वाक्य सुरू केलं, अर्ध्यात सोडलं आणि हिंदीत म्हणाली, "आंटीजी, पहले आप बैठ जाइए." वहिनी बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगा." मी सांगितलं... म्हणजे तेव्हा अर्धंच सांगितलं.

त्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जे येत राहिलं ते मी सगळं वाचलं आहे. डोंगरांनी त्याला बोलावून घेतलं. आवडीचं काम करता करता गेला, असं मरण भाग्यवंताला येतं. निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र. ज्यांनी हे लिहिलं ती माझीच माणसं आहेत, त्यांनी ते मायेनंच लिहिलं, आणि तरीही मी ह्यातलं एकही वाक्य मान्य करत नाही. लांजेवारला डोंगर बोलावत वगैरे नव्हते. त्याला मरायचं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी घरी येऊन वांग्याचं भरीत खायचं होतं. तसं तो सकाळी गाडीत बोलला होता. तो गेला त्याला कारण आहे, आणि त्या कारणात मी आहे. हे लिहिल्याशिवाय त्याच्याबद्दल दुसरं काही लिहायचा मला अधिकार नाही, म्हणून आधी लिहून टाकतो. ज्या उतारावर एका वेळी एकच माणूस असायला हवा होता, त्या उतारावर दुसरा माणूस मी होतो.

आमची ओळख किचनरची, कॅनडात नवे आलो तेव्हा त्या गावात झालेली. एकाच कंपनीत, एकाच आठवड्यात लागलो आणि एकाच बेसमेंटमध्ये राहिलो. मी ठाण्याचा, तो नागपूरचा. पहिल्या बर्फात मी खिडकीशी उभा राहून ट्रेकच्या गोष्टी सांगत होतो. कॉलेजपासून सह्याद्री पालथा घातलेला मी, गड मोजून दाखवायची मला सवय होती. तो अंथरुणात पाय गुंडाळून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आमच्याकडे डोंगर म्हणजे सीताबर्डीची टेकडी. तीही रिक्षाने चढतो आम्ही. तू सांगत राहा बे, मी झोपून ऐकून राहिलो." पुढे कामानिमित्त आम्ही दोघंही कॅलगरीला आलो, लग्नं झाली, घरं घेतली, आणि शहराच्या पश्चिमेला रोज दिसणाऱ्या त्या पांढऱ्या रांगेने मला स्वस्थ बसू दिलं नाही. मी मंडळाच्या उन्हाळी सहली सुरू केल्या. लांजेवार सुरुवातीला केवळ डब्यासाठी येतो असं म्हणायचा.

त्या सहलींमध्ये मी सगळ्यांना आमच्या ठाण्याच्या ग्रुपचा नियम शिकवला. साखळी तोडायची नाही. पुढच्याची सॅक हाताच्या अंतरावर दिसली पाहिजे. कोणी आडव्या वाटेवर बसला, घाबरला, पाय अडकला, तर मागच्याने लगेच पुढे जाऊन त्याच्या सॅकला हात घालायचा, विचार करत बसायचं नाही. हा नियम मूर्खपणाचा नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. पावसाळ्यात निसरड्या कातळावरून जाताना ह्याच नियमाने एका मुलीला माझ्या डोळ्यांदेखत वाचवलं आहे, आणि तिच्या सॅकला पडलेला हात माझा होता. त्या दिवशी आमच्या लीडरनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. माणूस अशी थाप आयुष्यभर पाठीवर घेऊन हिंडतो.

हिवाळ्यातही डोंगरात जायचं ठरलं तेव्हा मी बर्फात पाय रुतू न देणारे रुंद स्नोशूज घेतले, पायांना बांधले आणि निघालो. लांजेवारने आधी हिमस्खलनाचा कोर्स केला. मग पुढचा केला. सुट्टी टाकून, स्वतःच्या खर्चाने, बर्फात खड्डे खणत. मी हसायचो. "नागपूरकर, उन्हाळ्यात कूलरचा कोर्स केला होतास का?" तो चिडायचा नाही. म्हणायचा, "तुला बरंच काही येते, तेच तुझं लफडं आहे. मला काहीच येत नाही, म्हणून मी विचारून राहिलो."

एका गणपतीत, आरती झाल्यावर, त्याने बेसमेंटमध्ये मुलांना गोळा केलं. मोठी परात घेतली, तिच्यात जुना टॉवेल अंथरला, त्यावर साखरेचा जाडसर थर दिला आणि त्यावर मैदा ओतून हाताने थापून थापून घट्ट केला. "हा मैदा म्हणजे वाऱ्याने आणून दाबलेला बर्फ. वरून कसा दिसते? एकदम फर्स्ट क्लास. तुम्ही ह्याच्यावर नाचाल. आता खाली काय आहे?" मुलं म्हणाली, "शुगर." "बरोबर. नोव्हेंबरात थोडासाच बर्फ पडला आणि मग कडक थंडी पडली की तळाचा बर्फ असा साखरेसारखा होते. दाणे एकमेकांना धरतच नाहीत. त्याच्यावर महिने महिने बर्फ साठत जातो, पण खालची साखर साखरच राहते." मग तो परात हळूहळू तिरपी करत गेला. बराच वेळ काही झालं नाही. एका मुलाने कंटाळून बोट टेकवलं, आणि मैद्याला आडवी भेग पडून अख्खी वडी खाली आली. मुलांना ते इतकं आवडलं की परत परत करायला लावलं. वहिनी जिन्यातून बघत होत्या. "माझा दोन किलो मैदा गेला. साखर मिसळली सगळी. आता ह्याचं काय करू मी?" लांजेवार म्हणाला, "शंकरपाळे कर." आणि त्या दिवाळीला खरंच मंडळात ते शंकरपाळे आले. जरा गोड झाले होते.

सगळे हसले, मीही. पण त्यानंतर हिवाळी सहलींची सूत्रं आपोआप त्याच्याकडे गेली, आणि तिथून आमची भांडणं सुरू झाली. तो निघण्याच्या सकाळी हिमस्खलनाचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवायचा, गाडीत जागा असो वा नसो, प्रत्येकाकडे बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं अंगावरचं यंत्र, फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आहे का ते तपासायचा. वाटेत खड्डा खणून, फावडं बर्फाच्या खांबावर उलटं ठेवून त्यावर आधी बोटांनी, मग मनगटाने, मग खांद्यापासून थापा मारायचा आणि खालचा थर कधी निसटतो ते बघायचा. आणि अनेकदा शांतपणे म्हणायचा, "चला, परत." दोन तास गाडी चालवून, नवे बूट घालून आलेल्या लोकांना हे ऐकवणं सोपं नसतं. मंडळात म्हण पडली होती की लांजेवारबरोबर गेलं तर शिखराची गॅरंटी नाही, परतीच्या कॉफीची आहे. ही म्हण मी पाडली होती. त्याला मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "तुला भीती वाटते हे सरळ का सांगत नाहीस?" तो म्हणाला, "वाटते ना. तुला वाटत नाही, त्याची जास्त वाटते."

आणि साखळी. साखळीवरून तो माझ्याशी जितका भांडला तितका कशावरून भांडला नाही. "सामंतसाहेब, ते तुमच्या गडावर. इथे धोक्याच्या उतारावर एक जण जाईल, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्याकडे बघतील. तो पलीकडे पोचला की मगच दुसरा. गेला तर एक जाईल, खणायला तिघं राहतील." मी म्हणायचो, हे माणुसकीला धरून नाही, एकट्याला पुढे घालायचं आणि आपण काठावर तमाशा बघायचा. तो म्हणायचा, "बघणं हेच काम आहे. तुला ते काम वाटत नाही, कारण त्यात हात हलत नाहीत." मी तोंडाने मान्य केलं. प्रत्येक सहलीत नियम पाळला. मला वाटलं मी शिकलो.

त्या शनिवारी आम्ही चौघे होतो. लांजेवार, मी, आणि केतकी व ओंकार हे पुण्याचं तरुण जोडपं, दोघंही त्याच्या हाताखाली तयार झालेले. अंदाज मध्यम धोक्याचा होता, पण तळच्या कमकुवत थराचा इशारा त्या भागात सगळा हिवाळा चालू होता. त्याने म्हणूनच दरीतली सपाट वाट निवडली होती. परतताना ओढ्यावरचा बर्फाचा पूल खचलेला दिसला. आता एकतर लांबचा वळसा, ज्यात अंधार पडला असता, नाहीतर झाडांच्या दोन पट्ट्यांमधला एक लहान उघडा उतार. लहान म्हणजे खरंच लहान, इथल्या मुलांनी घसरगुंडी केली असती असा. लांजेवारने खणून पाहिलं. बराच वेळ तो त्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून होता. मग म्हणाला, "पूर्ण आवडत नाही मला. पण वरच्या कडेने, झाडांना धरून, एकेक जण. मी पहिला." तो निर्णय बरोबर होता का, ह्यावर नंतर जाणकारांनी नकारार्थी मान हलवली आहे. वळसाच घ्यायला हवा होता, असं त्यांच्यातल्या एकाने मला स्पष्ट सांगितलं. लांजेवार असता तर त्यानेच हे सगळ्यांत आधी कबूल केलं असतं.

तो अर्ध्यावर पोचला आणि थांबला. स्नोशूचा पट्टा सुटला होता. तो एका गुडघ्यावर बसला आणि हातमोजा काढून पट्टा ओढू लागला. एवढंच. तो अडचणीत नव्हता, त्याने हाक मारली नव्हती. पण आडव्या वाटेवर माझ्या पुढचा माणूस बसला होता, आणि माझा पाय उचलला गेला. मी विचार केला आणि मग गेलो, असं झालं नाही. तसं झालं असतं तर कदाचित मला स्वतःशी भांडता तरी आलं असतं. मी चार-पाच पावलं उतारावर गेलो. त्याने मान वर करून पाहिलं आणि ओरडला नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सामंत, तिथंच." मग पायाखालून आवाज आला, शेजारच्या घरात कोणी जड दार लोटावं तसा. त्याच्या वरच्या अंगाला एक रेष उमटली. मी रेषेच्या काठावर होतो, कंबरेपर्यंत बर्फात ओढला जाऊन झाडाशी अडकलो. तो मध्यावर होता.

ओंकार आणि केतकीने जे केलं ते त्यानेच त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी आधी वर बघितलं, मग बीकन काढले, आवाज न चढवता एकमेकांना अंतर सांगत खाली गेले. मी स्वतःला सोडवून खाली गेलो आणि खणलं. तो माझ्या छातीइतका खोल होता आणि बर्फ सिमेंटसारखा झाला होता. त्याचा हातमोजा नसलेला हात आधी दिसला. आम्ही श्वास दिला, छाती दाबत राहिलो, हेलिकॉप्टर येईपर्यंत आणि आल्यानंतरही... पुढचं लिहीत नाही.

नंतर चौकशी करणाऱ्यांनी सांगितलं की उतार त्याच्या एकट्याच्या वजनानेही सुटला असता, माझ्या पावलांनीही सुटला असेल. कळायला मार्ग नाही. हे वाक्य मला अनेकांनी औषधासारखं दिलं. मी ते घेत नाही. कळायला मार्ग नाही ह्याचा अर्थ माझं पाऊल पुसलं गेलं असा होत नाही.

दिवस झाल्यावर मी वहिनींकडे गेलो आणि राहिलेलं अर्धं सांगितलं. त्या ओट्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "माहीत आहे. केतकी रडत रडत सांगून गेली. तुम्ही कधी येता ते बघून राहिले होते मी." मी काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, "माफी मागायला आला असाल तर चहा घ्या आणि जा. माफी माझ्याकडे नाहीये, भाऊजी. शोधून पाहिली. नाहीये." मी चहा घेतला. त्यांनी साखर घालून दिला होता, मी बिनसाखरेचा पितो हे त्यांना पक्कं ठाऊक असताना. मी तो सगळा प्यायलो.

मग शोकसभेच्या आदल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. वाईट माणूस नाही. "हे बघ, तू बोलशील तेव्हा ॲक्सिडेंट एवढाच शब्द वापर. तपशील कशाला? वैशालीला त्रास, तुला त्रास, उद्या लायबिलिटीचं काही निघालं तर मंडळाला त्रास. आणि हे विंटरचं प्रकरण आता बंदच करू. समर पिकनिक आहेच की."

मी म्हटलं, "नाना, मग लोकांना काय कळलं?"

"कळायचं काय त्यात? डोंगर धोकादायक असतात, एवढं कळलं तरी पुरे."

नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. डोंगर धोकादायक असतात हे कळायला लांजेवारने इतकी वर्षं खड्डे खणायची गरज नव्हती. ते घरी बसूनही कळतं. तो शिकवत होता ते वेगळं होतं. धोका कुठल्या उतारावर आहे, कुठल्या थरात आहे, आज आहे की उद्या, आणि त्यापुढे चार माणसांनी कसं वागायचं. हे सगळं एका 'ॲक्सिडेंट'खाली गाडायचं, म्हणजे त्याला पुन्हा एकदा गाडणं होतं. आणि ह्या वेळी गाडणारा मी एकटा ठरलो असतो, कुठल्याही शंकेला जागा न ठेवता.

सभेत मी उभा राहिलो आणि झालं तसं सांगितलं. पट्टा, गुडघा, माझी पावलं. नाना जमिनीकडे बघत होते. मागच्या रांगेतून कोणीतरी, धीर द्यावा म्हणून, म्हणालं, "अहो, विधिलिखित असतं ते. तुम्ही नका लावून घेऊ."

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या नाहीत, फक्त खुर्चीतून मागे वळल्या. "विधिलिखित नाही हे," त्या म्हणाल्या. "हे चुकलं आहे. भाऊजींचं चुकलं, आणि माझ्या नवऱ्याचंही चुकलं. त्याने वळसा घ्यायला पाहिजे होता. त्याला देव करू नका, त्याला आवडणार नाही. चुकलेलं असेल तर शिकता तरी येते. विधिलिखित म्हटलं तर काय शिकणार?" मग नानांकडे बघून, "आणि बंद करायचं नाही काही. मी येणार आहे. मला कळू द्या, हा माणूस शनिवारी-शनिवारी काय शिकवायला जात होता ते."

इतक्या वर्षांत वहिनी एकदाही बर्फात आल्या नव्हत्या. त्यांना थंडी सोसत नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायलाही त्या दोन कानटोप्या घालतात. आम्हाला वाटलं, त्या क्षणाचं बोलणं असेल. पण त्यांनी स्वतः एक प्रशिक्षक शोधली, आणि गेल्या शनिवारी आम्ही गेलो. मंडळाचे काही जण, वहिनी, त्यांची मुलगी रेवा, मी. मला येऊ नका असं त्यांनी म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. नानाही आले, का ते मी विचारलं नाही. प्रशिक्षक बाईंनी मुद्दाम धोका नसलेला दिवस आणि सौम्य उतार निवडला होता. तिथे काही सुटणार नव्हतं. फक्त वागणं शिकायचं होतं. एकाने जायचं, बाकीच्यांनी झाडांशी थांबायचं आणि डोळे त्याच्यावरून हलवायचे नाहीत.

वहिनी पहिल्या निघाल्या. दोन कानटोप्या, रेवाचं जॅकेट, पायांखाली फेंगडे पडणारे स्नोशूज. मध्यावर पोचल्या आणि थांबल्या. पट्टा सुटला नव्हता, काही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, खाली दरीकडे बघत. खूप वेळ. रेवा माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "अंकल, शुड आय गो?" मी म्हटलं, "नाही. आपण इथेच थांबायचं." "बट शी'ज क्राइंग." "हो. दिसतंय मला."

माझे पाय काय करत होते ते मलाच ठाऊक. प्रत्येक स्नायू पुढे होता. एका रडणाऱ्या बाईला बर्फाच्या मधोमध एकटी ठेवून काठावर उभं राहायचं, ह्यासाठी मी वाढलेलोच नाही. आमच्यात कोणीच वाढलेलं नाही. बघणं हे काम आहे, असं तो का म्हणायचा ते मला त्या उतारावर कळलं. ते फार अवघड काम आहे. मी ते केलं. रेवाने माझी बाही घट्ट धरली होती आणि मी बघत होतो.

शेवटी वहिनींनी हातमोज्याने नाक पुसलं आणि चालू लागल्या. पलीकडच्या झाडांशी पोचल्या. लांजेवारची तिथे एक लकब असायची. पलीकडे पोचला की तो पाणी प्यायचा नाही, चष्मा पुसायचा नाही, फोटो तर नाहीच. पूर्ण मागे वळून, पाय रोवून, पुढच्या माणसावर नजर लावायचा आणि तो पोचेपर्यंत काढायचा नाही. वहिनींनी त्याला तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. प्रशिक्षक बाईंनी सकाळी सगळ्यांना तेच सांगितलं होतं, तेव्हा ह्यात नवल काहीच नाही. पण त्या पूर्ण वळल्या, पाय रोवले, कानटोपी डोळ्यांवरून वर सारली आणि हात उंचावला. पाळी माझी होती.

त्या माझ्याकडे बघत होत्या. माफ केलेल्या माणसाकडे बघतात तसं ते बघणं नव्हतं. उतारावर पाऊल टाकणाऱ्या माणसाकडे बघतात, तसं होतं. मी रेवाच्या हातातून बाही सोडवली आणि एकटा निघालो.